कोच स्टकींचा पट्टा

...आणि वर लोक विचारतात, "काय लाइल, इतक्या जवळून मॅच बघायला मजा येत असेल नाही?" मजा? कसली मॅच? अहो, एकोणीस वर्षं मी मैदानाच्या पांढऱ्या रेघेपासून हातभर अंतरावर उभा आहे, आणि तुम्हाला सांगतो, अगदी शपथेवर सांगतो, एक मॅच धड बघितलेली नाही! कारण माझी नजर कुठे? पट्ट्यावर!

पट्टा म्हणजे कमरेचा. माझ्या नाही हो, कोच स्टकींच्या! आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. रविवारी चर्चमध्ये बघाल तर अगदी गरीब गाय. पण शनिवारी मॅचमध्ये पंचाचा एक निर्णय विरोधात जाऊ द्या, की हा दोनशे ऐंशी पौंडांचा गृहस्थ सुटलाच मैदानात! आणि नियम काय? प्रशिक्षक रेघ ओलांडून आत घुसला की पंच पिवळं फडकं टाकणार आणि त्याच्या संघाला पंधरा यार्ड मागे ढकलणार. पंधरा यार्ड! पोरांनी हाडं मोडून मिळवलेले! म्हणून मग मागे एक माणूस ठेवायचा, त्याने दोन्ही हातांनी पट्टा धरायचा, ओढायचं आणि ओरडायचं, "मागे व्हा, कोच! मागे व्हा!" तो माणूस मी. कॉलेजच्या कागदावर 'सहायक प्रशिक्षक'. सासूबाईंना तेवढंच सांगितलंय.

मी काय हे करायला आलो होतो? बचावफळी शिकवायला आलो होतो! पहिल्या दिवशी बगलेत जाडजूड वही, तीनशे आकृत्या, प्रत्येक चाल लाल-निळ्या शाईत काढलेली. कोचनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "वजन किती रे तुझं?" म्हणाले. मी म्हटलं, "दोनशे चाळीस, कोच." "वा! उद्यापासून माझ्या मागे उभा राहा." झालं! नशीब ठरलं!

बरं, एका जागी तरी राहावं? छे! आमच्या धंद्यात मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला की सगळ्या सहायकांनाही मिळतो. मग त्याला दुसरं कॉलेज सापडलं की पट्टा तिकडे, आणि पट्ट्यामागे मी, माझ्यामागे मार्लिस, माझी बायको. पाच कॉलेजं झाली! प्रत्येक कॉलेजचा रंग वेगळा, म्हणजे टोपी नवी, कोट नवा, आणि जुना रंग चुकून अंगावर घातला तर गावात किराणासुद्धा तोंड वाकडं करून देतात हो! मार्लिसचं एक ठरलेलं. खिडक्यांची मापं घेऊन नवे पडदे शिवायला बसली की मी समजायचो, नोकरी आता जाणार. वही मात्र प्रत्येक गावी आली. न उघडता.

यंदा मात्र आमचे बचावफळीवाले वेल्डनकाका निवृत्त झाले. कोच स्वतः म्हणाले, "लाइल, शेवटची मॅच जिंकलो ना, तर ती जागा तुझी." तुम्हाला सांगतो, मला रडूच आलं. मार्लिस सकाळी ऑम्लेट वाढताना म्हणाली, "एकच कर. आज पट्टा सोडू नकोस."

नाहीच सोडला! चाळीस सेकंद उरले, आम्ही तीन गुणांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे... आणि कोच पाणी प्यायला थांबले. पट्टा सैल. आणि मी... मी वर बघितलं हो! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! काय देखणा खेळ असतो तो! आणि बघतो तर त्यांचा मधला आडदांड पोरगा टाचांवर रेललेला, बोटं जमिनीला नुसती टेकलेली. माझ्या वहीतलं पान एकशे बारा! लांब फेकायचं सोंग करणार आणि चेंडू मधूनच पळवणार! आणि आमची पोरं चालली कडेला! मी ओरडलो, "मधून! मधून येणार!" कोणाला ऐकू जातंय? मग काय झालं मला ठाऊक नाही. हातातून पट्टा सुटला, पाय आपोआप रेघ ओलांडून निघाले.

पोरांनी ऐकलं! मध्ये भिंत केली, त्याला जागीच आडवा केला! मी आनंदाने उड्या मारतोय... आणि मागून माझा पट्टा कोणीतरी धरलेला. "लाइल, मागे हो! अरे गाढवा, मागे हो!" बघतो तर कोच स्टकी. आणि आम्हा दोघांच्या पायाशी पिवळं फडकं.

पंधरा यार्ड गेले. पुढच्याच चालीत त्यांनी चेंडू आमच्या टोकाच्या रेघेपार नेला, सहा गुण घेतले. मॅच गेली. सोमवारी कोचची नोकरी गेली, म्हणजे आमची सगळ्यांची गेली. मार्लिसने नुसते पडदे काढले. ते फार लागलं.

आणि पंधरा दिवसांनी डकोटातल्या एका छोट्या कॉलेजातून फोन. तिथले मुख्य प्रशिक्षक. "टीव्हीवर मैदानात धावला तो वेडा तूच ना?" मी म्हटलं, "हो." "चेंडू मधून येणार हे तुला कळलं कसं?" अहो, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं! मी वही उघडून फोनवर अख्खं पान एकशे बारा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ये. बचावफळी तुझी. पण एक अट. तुझा भरवसा नाही, तुझ्या मागे माणूस ठेवणार."

कोण असेल ओळखा! कोच स्टकी! घरी बसून बायकोला मागे हो, पुढे हो करत होते, तिनेच हात जोडले, यांना कुठेतरी न्या म्हणून. मला म्हणाले, "काळजी करू नकोस, लाइल. एकोणीस वर्षं अनुभव घेतलाय, कसं ओढतात ते."

तर आता फळी माझी, वही माझी, अख्खी मॅच डोळ्यांसमोर. पण शिट्टी वाजली की हे ओढतात, नाही वाजली तरी ओढतात! दोनशे ऐंशी पौंड मागे लोंबकळतायत, बक्कल करकरतंय, विजार कुठल्या क्षणी दगा देईल सांगता येत नाही, समोर आठ हजार माणसं, त्यात सासूबाई... आणि माझी नजर कुठे?

पट्ट्यावर! आता स्वतःच्या.