पंधरा शेअर न घेतल्याची गोष्ट

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य सर, व्यासपीठावरचे पाहुणे, माझ्या स्टाफरूममधले सोबती आणि लेखा व वित्त शाखेच्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

प्राचार्यांनी माझं एवढं कौतुक केलं, की दुसऱ्याच कुणाचा निरोप समारंभ चाललाय की काय, असं मला वाटू लागलं. त्यांनी सांगितलं, मॅडमचा डेल्टा हेजिंगचा धडा ऐकायला बाहेरचीही मुलं येऊन बसायची. खरं आहे. पण तो धडा मी कित्येक वर्षं चुकीचा शिकवला. गणित बरोबर होतं. माणूस चुकीचा होता.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. शेअर दहाने चढला की त्यावरचा ऑप्शन पाचने चढत असेल, तर त्याचा डेल्टा अर्धा. आपण असे शंभर ऑप्शन विकले असतील, तर पन्नास शेअर घेऊन ठेवायचे, म्हणजे भाव जरा हलला तरी आपण सावरलेलो. पण भाव वाढला की डेल्टाही वाढतो, आणि मग आणखी शेअर घ्यावे लागतात. हेच हेजिंग. हे काम रोज करायचं. कंटाळा आला तरी करायचं.

शिकवण्याआधी मी एका कंपनीत हेच काम करत होते. आमचे विभागप्रमुख कमी बोलणारे होते. किती शेअर घ्यायचे याचा तक्ता मी करायचे, त्यावर ते रोज संध्याकाळी सही करत, आणि हळूहळू न बघताच करू लागले. एवढा विश्वास. एका दुपारी भाव चढला, डेल्टा अर्ध्यावरून शंभरात पासष्टवर गेला. म्हणजे दर शंभरामागे पंधरा शेअर आणखी घ्यायला हवे होते. मला वाटलं, उद्या भाव उतरेल, तेव्हा स्वस्तात घेऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, की ज्या कंपनीचे ते शेअर, तीच कुणीतरी विकत घेतेय. बाजार उघडताच भावाने उडी मारली. अशा उडीपुढे हेजिंग अपुरंच पडतं, तोटा झालाच असता. पण एवढा नाही.

चौकशीला आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलो होतो. वरच्या साहेबांनी विचारलं, "पंधरा का घेतले नाहीत?"

प्रमुख म्हणाले, "मी थांबायला सांगितलं."

त्यांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. आणि मी? मी तोंड उघडलं नाही. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, असं मी स्वतःला बजावलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. त्यांची नोकरी गेली. वर्षभरात मीही सोडली आणि इथे आले.

वर्गात हे उदाहरण मी दरवर्षी दिलं. तुम्ही पेपरात लिहायचात, 'विभागप्रमुखाने दुर्लक्ष केले.' मी त्याला पूर्ण गुण द्यायचे.

मग सात वर्षांपूर्वी, तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. "मॅडम, प्रमुख तर फक्त सही करायचे ना? मग तक्ता कोण करायचं?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी वर्गावर गेलेच नाही. जुन्या ऑफिसातून प्रमुखांचा पत्ता काढला आणि तिसऱ्या मजल्यावरचं एक दार वाजवलं.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "ये. चहा टाकतो." घरात कप एकच होता. तो मला दिला, स्वतः पेल्यात घेतला. मी सगळं सांगून टाकलं.

"तू ते उद्यावर ढकललंस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू बोलशील. वाट बघितली. पुढे वाट बघायचीच सवय झाली." पेला खाली ठेवत म्हणाले, "राग नव्हता गं. पण नंतर कुणी हा जिना चढून आलंच नाही."

त्यांना कुणी नव्हतं. मलाही आई गेल्यावर कुणी उरलं नव्हतं. त्यानंतरचा प्रत्येक रविवार मी तिथे काढला. आम्ही फारसं बोलायचो नाही. ते पेपर वाचायचे, मी तुमचे पेपर तपासायचे. चार महिन्यांपूर्वी ते गेले. शेजाऱ्यांना त्यांच्या वहीत एकच फोन नंबर सापडला, माझा.

त्या मुलीला मी त्याच आठवड्यात उत्तर दिलं. पण पूर्ण वर्गासमोर सांगायचं धाडस झालं नाही. ते आज केलं. अध्यक्ष महोदय, ही जागा त्यासाठी नव्हती, जाणते; पण दुसरी जागा मला उरलेली नाही.

आपण सर्वांनी एवढी वर्षं मला सांभाळून घेतलंत, आज वेळ काढून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी.

आणि मुलांनो, माझा पत्ता ऑफिसात लिहून ठेवलाय. रविवारी मी घरीच असते. गणित अडलं तर या. नाही अडलं तरी या.