मोठ्या पन्ह्याचा पडदा

लेक: बाबा, हा हिरो असा पोत्यासारखा का दिसतोय?

बाबा: खात्यापित्या घरचा असेल.

लेक: आणि त्याच्या गाडीची चाकं? तीही खात्यापित्या घरची? बघा, अंडी आडवी ठेवल्यासारखी दिसतायत. अहो, चित्र ताणून ठेवलंय कुणीतरी.

बाबा: दुकानदाराने करून दिलंय. तू पाठवलेला टीव्ही भिंतीवर चढला, मी हौसेने एक जुना सिनेमा लावला, तर डावीकडे काळी पट्टी, उजवीकडे काळी पट्टी. त्याला फोन करून म्हटलं, एवढ्या मोठ्या पन्ह्याचं कापड घ्यायचं आणि मधलंच तेवढं वापरायचं, हा कुठला शहाणपणा? आला बिचारा. एक बटण दाबलं, झालं काठोकाठ.

लेक: जुने सिनेमे चौकोनीच असतात. ओढून काठापर्यंत नेले की माणसं फुगतात. आणि हे तुम्हाला दिसलं नाही? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचं माप दुकानात बसून सांगायचात तुम्ही.

बाबा: म्हातारे झाले डोळे. चहा टाकू?

लेक: नंतर. आधी हे बघा, मी आणलाय तो सिनेमा. ओळखला?

बाबा: हा? हा तर आपण त्या जुन्या खोक्यावर पंचवीस वेळा पाहिलाय. यात तो म्हातारा जेवताना एकटाच बडबडतो.

लेक: तोच भाग लावते. हं, आता बघा.

बाबा: आता पट्ट्या वर आणि खाली आल्या. एकूण काय, पट्ट्या काही सुटत नाहीत.

लेक: हा सिनेमा आपल्या टीव्हीपेक्षाही रुंद आहे, म्हणून. पट्ट्या सोडा. टेबलाच्या त्या टोकाला कोण बसलंय?

बाबा: बाई आहे. अगं, त्याची बायको की ती.

लेक: पहिल्यापासून तिथेच बसलीय. आपल्या खोक्यात मावत नव्हती, म्हणून कापली होती.

बाबा: म्हणजे तो तिच्याशी बोलत होता होय. आणि मी त्याला वेडा ठरवून मोकळा झालो. तुझी आई म्हणायची, अहो, त्याच्या नजरेवरून कळतंय की समोर कुणीतरी आहे.

लेक: आईचं लक्ष असायचं.

बाबा: जेवताना मीही बोलतो हल्ली. पण माझ्या टेबलाच्या त्या टोकाला, केवढाही मोठा टीव्ही आणलास तरी, कुणी दिसायचं नाही.

लेक: म्हणूनच म्हणते, माझ्याकडे चला.

बाबा: ते सकाळी बोलून झालंय.

लेक: बरं. रिमोट द्या इकडे, सगळंच नीट लावून ठेवते. आईची ती कॅसेट तुम्ही डिस्कवर उतरवून घेतलीत ना? तीही नीट दिसेल.

बाबा: ती राहू दे.

लेक: मघाशी सिनेमा घालायला गेले तर मशीनमध्ये तीच होती. रोज लावता का?

बाबा: कधीतरी. जेवण झाल्यावर. हो, रोजच.

लेक: मग मलाही बघू द्या. इतकी वर्षं ती कॅसेट नुसती कपाटात पडून होती. मी एकदाही पाहिलेली नाही.

बाबा: ऐक माझं, उद्या बघू.

लेक: उद्या मी निघणार. लावते.

बाबा: लाव बाई. तू कुणाच्या बापाचं ऐकलंयस?

लेक: ही आई? किती छान दिसतेय. गाल कसे भरलेत. हे कधीचं, बाबा?

बाबा: शेवटच्या महिन्यातलं. शेजारच्या फोटोवाल्याने नवा कॅमेरा आणला होता, त्याने घेतलं. आपल्या दुकानाच्या दारात.

लेक: शेवटच्या महिन्यात आई अशी नसणार.

बाबा: तुला काय माहीत? तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं.

लेक: हेही ताणलेलं आहे. आणि ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

बाबा: चाळीस वर्षं मापं घेतली मी. ठाऊक नसायला काय झालं? तिचा खांदा साडेतेरा. शेवटी जेमतेम बारा भरायचा. या पडद्यावर चांगला सोळा भरतो. पहिल्यांदा पाहिलं आणि खुर्चीतून उठवेना मला. सहा महिने झाले, मी तिला धडधाकट बघतोय. आणि तू एका बटणात तिला परत आजारी पाडायला निघालीस.

लेक: मला ती होती तशी बघायचीय. माझ्याकडे तिचं शेवटचं काहीच नाही.

बाबा: नको बघूस. हात जोडतो.

लेक: का पण?

बाबा: मी तुला फोनवर काय सांगायचो तेव्हा?

लेक: आई ठीक आहे. हिरवा कोट तिला अजून तसाच बसतो.

बाबा: बसत होता. दुपारी तिचा डोळा लागला की मी कोट घेऊन बसायचो. दोन्ही बाजूंची शिवण उसवायची आणि पाव पाव इंच आत घ्यायची. मशीनने जाग येईल म्हणून हाताने. दर आठवड्याला. तिला वाटायला हवं होतं की आपण खंगलो नाही. आणि तेच मी तुलाही सांगत राहिलो. नवी नोकरी होती तुझी, म्हटलं, हिचा जीव कशाला टांगणीला लावा. तू तिकीट पुढे ढकललंस ते माझ्या शब्दावर. आठ वर्षं हे गिळून बसलोय. आता तिला खरी पाहिलीस, तर म्हणशील, बाबा, ही ठीक होती?

लेक: बाबा, आईला माहीत होतं.

बाबा: काय माहीत होतं?

लेक: कोटाचं. तुम्ही दुकानात होतात तेव्हा तिने मला फोनवर सांगितलं. हसत होती. म्हणाली, शिंप्याच्या घरात जन्म गेला माझा, मशीनची टीप कुठली आणि हातशिलाई कुठली हे मला कळू नये? बोटाने चाचपून बघते रोज, आज कुठवर आलं ते. त्यांना वाटतं हिला पत्ता नाही. वाटू दे, तेवढंच त्यांना बरं वाटतं.

बाबा: असं म्हणाली?

लेक: असंच.

बाबा: आणि मी चोरासारखा सुई लपवायचो. कधी सांगितलं तुला हे?

लेक: जाऊ दे ना आता.

बाबा: कधी?

लेक: ती जाण्याआधी दीड महिना.

बाबा: म्हणजे तुला माहीत होतं.

लेक: हो. कोट किती आत गेलाय, तेही सांगितलं होतं तिने. तरी आले नाही. भीती वाटली बाबा, तिला तसं बघायची. तुम्ही ठीक आहे म्हणायचात, ते कवटाळून बसले. आणि तुम्ही स्वतःला बोल लावताय हे दिसत होतं मला. तोही लावू दिला.

बाबा: आठ वर्षं.

लेक: म्हणून तर येते ती दोन दिवसांसाठी येते आणि पळते. तुमच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

बाबा: मला वाटायचं, माझ्यावर राग धरून पळतेस.

लेक: नाही हो. बंद करू का हे?

बाबा: नको. रिमोट दे इकडे. कुठलं बटण?

लेक: डाव्या हाताला, सगळ्यात वरचं. पण राहू दे बाबा. असू दे तिला अशीच.

बाबा: तिने आपल्या दोघांची खोटी सोंगं निमूटपणे सांभाळली. आपण तिला एवढं बघू शकत नाही?

(चित्र आकसतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मधे हिरव्या कोटातली आई उरते.)

लेक: एवढीशी झाली होती.

बाबा: एवढीशी. हे घेतलं तेव्हा कोट सगळा मिळून तीन इंच आत होता.

लेक: पण बसलाय छान.

बाबा: बसणारच. मापात कधी चुकलो नाही मी.

लेक: मी यायला हवं होतं, बाबा.

बाबा: हो. यायला हवं होतंस. आणि मी बोलवायला हवं होतं. आता अशी दाराशी जाऊन रडू नकोस. खुर्ची घे आणि इकडे ये, माझ्या शेजारी. तिथून तिरकं दिसतं.