एडका बसला की आपण बसायचं

आखाडात बार्शीकडच्या त्या डोंगरावर जाऊ नका म्हणतो, तर तुमी हसता व्हय? एक मोजणीदार बी असाच हसला होता. माथ्यावर निशाण रोवायचं म्हणून आला, अंगात कोट, हातात कोरी करकरीत छत्री.

मी म्हणलं, "दसऱ्यानंतर या की. आत्ता वर वाऱ्यात घारसुदिक टिकत न्हाय."

"सरकारी काम वाऱ्याला विचारून करायचं का रे?"

बरं बाबा. मी माझा म्हातारा एडका पुढं घातला. आमा धनगरांची रीतच हाय, वाऱ्याच्या दिसांत मेंढरांतला जाणता एडका जितं बसंल तितं माणसानं बसायचं. माथा जवळ आला आन् एडक्यानं गुडघं मोडलं. मी तितंच पालथा पडलो.

"बसा सायेब!"

"मेंढराचं ऐकू मी?"

तवर भुरभुर सुरू झाली आन् ह्या शाण्यानं छत्री उघडली! वाऱ्यानं त्येला छत्रीसकट कड्याकडं वढत न्हेलं. मी सरपटत जाऊन कोट धरला.

"छत्री सोडा!"

"नवी आहे रे!"

"मग घरी बायकूकडं कोन जाणार, छत्री? सोडा!"

सोडली. छत्री गेली दरीत, आन् सायेब सरपटत येऊन एडक्याच्या लोकरीत तोंड खुपसून आडवा.

लई वेळानं वारा जरा कमी झाला. तसा बारीक आवाज आला, "आता उठू का?"

म्हणलं, "मला काय इचारता? त्येला इचारा."

सायेबानं खरंच मान वर करून एडक्याकडं बगितलं. एडका निवांत रवंथ करत बसला होता. सायेब गपगुमान परत आडवा झाला.