वेट आणि एक्स्पेक्ट

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय खुशालराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या साधना मॅडम, आणि वरूडच्या या शाळेतली बाकं झिजवलेले सर्वजण, नमस्कार. मी आरती, अकोल्याला नर्स आहे. आम्हाला बोलायची सवय सुई टोचताना 'हात सैल सोडा' एवढीच, तेव्हा सांभाळून घ्या.

आठवीत मॅडमनी आम्हाला इंग्रजीतली दोन क्रियापदं शिकवली. मराठीत दोन्हींना आपण वाट पाहणंच म्हणतो. पण वेट म्हणजे कोणासाठी थांबून राहणं, आणि एक्स्पेक्ट म्हणजे तो येणार हे मनानं धरून चालणं. मी वाक्य लिहिलं, 'आय ॲम वेटिंग फॉर माय फादर.'

माझे वडील किसनराव संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या वर्षभर आधी त्यांच्या हातून गाडी पलटली, सोबतचा माणूस दगावला, आणि त्या धसक्यानं बाबा घरी परतलेच नाहीत. एक्स्पेक्ट का नाही लिहिलं, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, खात्री नाही. त्यांनी वही हळूच मिटली.

दहावीनंतर अमरावतीच्या वसतिगृहात माझा नंबर लागला. मी जायला नकार दिला. आई दिवसभर संत्र्याच्या पॅकिंगला. बाबा आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? मॅडम घरी आल्या, माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या. वर्गात कधी न काढलेल्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "तू जाय वं. तुह्या बाबाची वाट मी पायतो."

आणि त्यांनी खरंच पाहिली. दर रविवारी ट्रक उभे राहतात तिथं जाऊन ड्रायव्हर लोकांना बाबांचा फोटो दाखवायच्या. किती वर्षं? चार! कोणत्या नोकरीच्या अटीत हे बसतं, सांगा?

शेवटी एका ड्रायव्हरनं फोटो ओळखला. बाबा दूरच्या एका ढाब्यावर कामाला होते. मॅडम स्वतः गेल्या. मी तेव्हा अकोल्याला नर्सिंग शिकत होते. दुपारी फोन आला, "आरती, आता एक्स्पेक्ट लिही. किसनराव माझ्यासंग बसमध्ये आहेत."

अकोल्याच्या स्टँडवर बाबा उतरले. मी उंच झाले होते, त्यांना ओळखायला वेळ लागला. मग म्हणाले, "जेवली काय वं?" मी वळून पाहिलं, तर मॅडम परतीच्या गाडीकडे निघाल्याही होत्या.

आज बाबा मागच्या रांगेत बसलेत. बोला म्हटलं, तर नाही म्हणाले. पण या सगळ्या खुर्च्या सकाळी त्यांनीच लावल्या.

शाळेनं मला इथं उभं केलं, त्याबद्दल ऋणी आहे. कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि मॅडम, उद्या तुम्हाला शाळा नाही. आईनं जेवायला बोलावलंय. बाबा घ्यायला येतील.