पिसांचा वेलोसिरॅप्टर

गोबी वाळवंटातल्या एका बसच्या रांगेत दुल्माच्या मागे आजोबा आणि नात उभे होते. नात शाळेसाठी दाबलेल्या लोकरीच्या नमद्यातून केलेल्या डायनासोरची पिसं उपटून टाकत होती.

“राहू दे गं, सोलोंगो.”

“वर्ग हसला, आजोबा. सिनेमातला वेलोसिरॅप्टर माणसाएवढा असतो, खवल्यांचा. माझ्या डायनासोरला कोंबडी म्हणाले.”

“सिनेमावाल्यांनी तो पाहिलाय?”

“तुम्ही तरी कुठे पाहिलाय?”

“नाही पाहिला. पण संग्रहालयात त्याच्या हाताचं हाड बघितलं. पिसं रुजतात तिथे उंचवटे आहेत. वाळूतला माग बघून आपला उंट ओळखतेस ना?”

“ओळखते.”

“उंट समोर नसताना?”

“माग खोटं बोलत नाही.”

“मग?”

“उद्या पुन्हा हसतील.”

“हसतील.”

बस आली. सोलोंगो वाकून पिसं वेचू लागली.

“मावशी, तुमच्या बुटाखाली एक आहे.”

दुल्माने पाय उचलला.