सरदारची लाळ

जनावरांच्या दवाखान्यात आजारी मांजर मांडीवर घेऊन आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या बाकावर होते. तिथे एक मिशीवाले भाऊजी आणि त्यांचा मेहुणा.

“भाऊजी, सरदारच्या लाळेच्या तपासणीचा रिपोर्ट आला. आनुवंशिक आजार एकही नाही.”

“मग तोंड का पाडलंयस? बाईंच्या कुत्रीशी जोडी जमलीच म्हणायची!”

“खाली लिहिलंय, कुत्रा चार जातींची मिसळ आहे.”

“सरदार? अरे, त्याच्या सात पिढ्या मला तोंडपाठ आहेत!”

“लाळ सरदारची नव्हतीच. त्याचा बाप चौथ्या वर्षी आंधळा झालेला, म्हणून मी गेटवरच्या मोत्याची दिली. रिपोर्ट चांगला यायला हवा, असं तुम्हीच म्हणालात.”

“चांगला म्हणालो, गाढवा! दुसऱ्याचा नाही!”

“आता?”

“आता काय? लॅबनं घोळ केला म्हणायचं.”

तेवढ्यात आतून कुत्रीवाल्या बाई आल्या.

“भाऊसाहेब, रिपोर्ट वाचला. जातीचं राहू द्या. मागच्या खेपेची चारही पिल्लं आंधळी झाली हो माझी. भिंतीवर आपटायची बिचारी. मला ह्याच कुत्र्याची पिल्लं हवीत. संध्याकाळी आणाल ना?”

“आणतो.”

बाई गेल्या.

“भाऊजी, कोणाला आणताय?”

“घरी जा आणि मोत्याला साबण लावून आंघोळ घाल.”

“आणि आपला सरदार?”

भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला, पण पीळ काही दिला नाही.

“जाताना डॉक्टरांना विचार, डोळे तपासायला त्याला कधी आणू. परवापासून पाण्याचं भांडं शोधतोय तो.”