मी नुसती काठी वाजवली

तारीख अठरा जानेवारी, आभाळ निरभ्र, वारा अजिबात नाही, तळ्यावर धुकं इतकं की समोरचा काठ दिसेना, आणि थंडी अशी की थर्मासमधला चहा झाकण फिरवेपर्यंतच काय तो गरम... आता तुम्ही म्हणाल, हवामान कशाला सांगतोयस बाबा, मुद्द्याचं बोल! अहो, सवय आहे मला. मासेमारीच्या वहीत रोज आधी तारीख, मग हवा, मग बाकीचं. आणि खरं सांगू का, मुद्द्यावर आलो की घरातले लोक माझ्याकडे जसं बघतात तसंच तुम्हीही बघणार आहात, म्हणून जरा वेळ काढतोय. त्यापेक्षा तुम्ही आधीच ठरवून टाका. एखाद्या माणसाने नुसती काठी वाजवली, दगडी पायरीवर, ठक, ठक, ठक, तर तो गुन्हा होतो का? एवढंच केलं मी. नुसती काठी वाजवली!

बरं, एवढंच नाही. पण सुरुवात एवढीच.

तुम्हाला सांगतो, उन्हाळ्यात कार्प मासा धरणं म्हणजे काहीच नाही. तो कणकेचा गोळा खातो, गांडूळ खातो, एकदा माझ्या शर्टाचं बटण पाण्यात पडलं तर तेही चाखून बघितलं त्याने. पण थंडी पडली की हाच मासा तळाशी जाऊन बसतो आणि तोंडाशी आणून दिलं तरी ढिम्म! आमचा तो गळाच्या सामानाचा दुकानदार आहे ना, तो म्हणतो, "सर, थंडीत मासा खात नाही. थंडीत मासा विचार करतो." आणि मासा विचार करायला लागला की खिसा रिकामा होतो तो माझा! "सर, पाणी काचेसारखं झालंय, त्याला जाड दोरा दिसतो, हा बारीक घ्या." घेतला. "गळही मग बारीक हवा." घेतला. "आणि सर, आमिष गळात खुपसताय की काय अजून?" असं विचारलं त्याने, की जणू मी अजून पाळण्यात झोपतो!

मग त्याने ती केसाची मांडणी दाखवली. म्हणजे काय, तर आमिष गळावर लावायचंच नाही! गळाच्या बुडाशी केसाएवढा दोरा बांधायचा, त्यात मक्याचा एकच दाणा ओवायचा. दाणा बाहेर लोंबतोय, गळ बाजूला मोकळा. मासा दाणा तोंडात ओढतो, पाठोपाठ गळ आत जातो, त्याला काहीतरी टोचल्यासारखं वाटतं, तो थुंकायला जातो... आणि थुंकताना गळ ओठात!

मी म्हटलं, "म्हणजे गिळताना अडकत नाही?"

"नाही सर. थुंकताना."

"म्हणजे गप्प राहिला असता तर सुटला असता?"

"तसंच काहीसं," म्हणाला, आणि एक लालभडक बाटली पुढे सरकवली. स्ट्रॉबेरीचा अर्क. वास असा, की लहान मुलांचं खोकल्याचं औषध सगळ्या दुकानात सांडलंय. "थंडीत माशाला गोड आवडतं, सर."

"कशावरून?"

"तुम्हाला नाही आवडत?"

घेतली बाटली.

सगळा डिसेंबर आणि अर्धा जानेवारी मी तळ्याच्या पलीकडच्या काठावर स्टूल टाकून बसलो. बारीक दोरा, बारीक गळ, अर्कात भिजवलेला मका, गळाच्या काठीच्या टोकाला घंटी. ती घंटी एकदाच वाजली, तेव्हा दोऱ्याला पान अडकलं होतं. घरी बायको म्हणायची, "अहो, मका उकडून झाला असेल तर कुकर घासून ठेवा. आणि खायचा नाही, आणायचा नाही, परत सोडून द्यायचा, तर मासा धरता कशाला?"

"बघायला."

"मग वहिनींबरोबर जा की! तिथे पायऱ्यांपाशी मासे रांग लावून उभे असतात."

इथे मला वहिनींचं सांगायला हवं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या. दादाला जाऊन दोन हिवाळे झाले. दादाचे गुडघे गेलेले, त्यामुळे हातात काठी, टोकाला लोखंडी टोपी. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा, तीनदा काठी आपटायचा आणि शिळ्या पावाचे तुकडे टाकायचा. रोज. अहो, वर्षानुवर्षं! शेवटी मासे शिकले. ठक, ठक, ठक झालं की पायरीपाशी पाणी नुसतं पाठींनी भरून जायचं. त्यांत एक होता, शेपटीचा वरचा कोपरा तुटलेला, घोड्यासारखा मोठा, सगळ्यांच्या शेवटी यायचा आणि सगळ्यांच्या आधी खायचा. दादाने त्याचं नाव ठेवलं साहेब.

दादा गेल्यावर वहिनींनी ते चालू ठेवलं. वहिनींचे गुडघे ठणठणीत आहेत बरं का, जिने चढताना मला मागे टाकतात. काठी न्यायच्या त्या फक्त वाजवायला. आणि माशांशी बोलायच्या! "या. आज उशीर केलात. साहेब, जरा त्या बारक्यांना खाऊ द्या." आणि हे सगळं मी पलीकडच्या काठावरून बघतोय, नाक गळतंय, घंटी मुकी! माणूस आहे मी शेवटी!

तर अठरा जानेवारी. आणि हे नीट लक्षात ठेवा, मला पाठवलं वहिनींनीच. ताप आला होता त्यांना. मला खाली बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, आज मला उठवत नाहीये. तेवढे तुकडे टाकून याल? काठी दाराच्या मागे आहे. तीनदा वाजवा आणि थांबा. सारखं ठोकू नका, ते आपले नोकर नाहीत."

मग गळ कशाला नेलास, असं तुम्ही विचारणार. अहो, तुकडे टाकून मी माझ्या काठावर जाणार होतो! सामान पाठीवर होतं, एवढंच. मी पायरीवर उभा राहिलो, इकडेतिकडे बघितलं... का बघितलं? चोर आहे का मी? पण बघितलं. आणि दादाची काठी वाजवली. ठक, ठक, ठक.

आले हो! सगळे आले! आधी बारके, मग मधले, आणि मग धुक्याखालच्या काळ्या पाण्यातून सावकाश, छाती काढून... साहेब. मी तुकडे टाकले. शप्पथ, आधी तुकडेच टाकले. पण तुम्हाला सांगतो, दीड महिना घंटी न वाजलेल्या माणसापुढे असा मासा हातभर अंतरावर उभा राहिला, तर गळ पिशवीतून बाहेर कसा येतो ते त्या माणसालाही कळत नाही. हात माझेच होते, ते मी नाकारत नाही. दाणा सोडला पाण्यात. आणि साहेबाने विचार केला नाही हो! सगळा हिवाळा विचार करत होते, सगळे! पण साहेबाने नाही केला. का करेल? दादाच्या काठीचा ठोका ऐकून आलेला तो!

त्यानंतर जे झालं ते मी रंगवून सांगू शकतो, पण सांगवत नाही. रीळ किंचाळलं, दोरा पाणी कापत गेला, बाकीचे मासे असे उधळले की पायरीपाशी गढूळच गढूळ. जाळीत घेतला, वजन केलं, ओठातला गळ हलकेच काढला, पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवला. दम आला तसा निघून गेला. जाताना वळून बघितलं नाही. मासे वळून बघत नसतात, माहीत आहे मला. तरी.

घरी आलो. वहिनी पांघरुणातून म्हणतात, "आले होते सगळे?"

"हो हो."

"साहेब?"

"तोही."

"कसा आहे?"

"जड आहे," मी म्हणालो.

"जड?"

"म्हणजे... दिसायला. दिसायला जड वाटला."

"बरं," म्हणाल्या. "काठी होती तिथे ठेवा." ठेवली. एवढंच! नुसती काठी वाजवली होती मी!

ताप उतरला. वहिनी तळ्यावर गेल्या. काठी वाजवली. कुणी नाही. दुसऱ्या दिवशी गेल्या. कुणी नाही. तिसऱ्या दिवशी मी आपला सहज, अगदी सहज, समोरच्या काठावरून बघतोय, तर ती बाई तीन ठोके देऊन हातात पावाची पिशवी धरून उभीच! अर्धा तास उभी! मग तुकडे तसेच पाण्यात टाकले आणि गेली. तुकडे तरंगत राहिले. तुम्ही कधी तरंगणारा पाव बघत बसलात का? नका बसू.

आणि संध्याकाळी चहाला वर आल्या की सुरू. "काय झालं असेल हो भाऊजी?" मी म्हणायचो, थंडी वाढलीय. "तुम्ही गेलात तेव्हा काही कमी होती का?" मी म्हणायचो, पाणी बदललं असेल. "कुणी बदललं?" मी बिस्किट घ्यायचो. मग हळूच म्हणायच्या, "मीच दोन दिवस गेले नाही. रुसले असतील." आणि बायको माझ्याकडे बघून म्हणायची, "अहो, तुम्हाला एवढं कळतं ना माशांचं, सांगा की काहीतरी! एवढं सामान आणलंय ते कशाला?"

गेलो दुकानात. म्हटलं, "मासा धरायचं नकोय. मासा परत बोलवायचं काही आहे?"

त्याने हातातली बाटली परत फळीवर ठेवली. "सर, तसं सामान येत नाही." आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाने पहिल्यांदाच मला काहीही न विकता जाऊ दिलं. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मग मी चोरून जायला लागलो. दुपारी, वहिनी पडलेल्या असताना. गळ नाही, दोरा नाही, खिशात उकडलेला मका. टाकायचो आणि बसायचो. काठी वाजवायची हिंमत नव्हती, आणि काठी होतीही वहिनींच्या दारामागे. आठवड्याने बारके आले. मग मधले. वहिनींनाही सकाळी ते दिसायला लागले. पण साहेब नाही. बायको म्हणते, "तुम्ही गळ घरी ठेवून तळ्यावर जाता? बरं आहे ना तुम्हाला?" काय सांगू! इतक्या वर्षांत तिला माझी काळजी वाटली ती मी मासे धरणं थांबवल्यावर!

आणि मग एका सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज बरोबर या." गेलो. त्यांनी वाजवली. ठक, ठक, ठक. बारके आले, मधले आले. आम्ही दोघं त्या काळ्या पाण्याकडे बघत उभे. खूप वेळ. मग त्या काठीकडे बघून म्हणाल्या, "ह्यांच्या हाताला होता तो ठोका. माझ्या हाताला नाही राहिला."

आता तुम्हीच सांगा. मी गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो! दुकानदाराने सांगितलं होतं मला! पण घशात असं काही टोचायला लागलं की मी तोंड उघडलं... "वहिनी, तुमच्या ठोक्याला काही झालेलं नाही. मी..." आणि सगळं बाहेर! मका, केसाएवढा दोरा, जाळी, सगळं! शेवटी म्हटलं, "मी नुसती काठी वाजवली हो आधी..."

वहिनींनी काठीची मूठ माझ्या नाकासमोर धरली. "वास घ्या."

स्ट्रॉबेरी! अहो, पाच आठवड्यांनंतर, दादाच्या काठीला स्ट्रॉबेरी!

"साबणाने धुतली, उन्हात ठेवली, जात नाही," म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग रोज चहाला विचारत होतात ते?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते. बिस्किटांचा डबा संपवलात, पण तोंडातून शब्द नाही."

मी मान खाली घातली. दुसरं काय घालणार? मग पाण्याकडेच बघत त्या म्हणाल्या, "किती भरला?"

"अं?"

"साहेब. वजन केलंत ना? केल्याशिवाय राहिला नसाल."

"सात किलो चारशे."

"बघा!" काठी अशी आपटली की बारके पळाले. "हे म्हणायचे, पाचाच्या वर नाही. मी म्हणायची, सात तरी असेल. शेवटपर्यंत ऐकलं नाही माझं. दवाखान्यातसुद्धा पाचच म्हणत होते!" हसल्या. मग डोळे पुसले, आणि डोळे पुसता पुसताच शिक्षा सुनावली. "गळ माळ्यावर टाकायचा. रोज माझ्याबरोबर यायचं. पावाचे तुकडे तुम्ही करायचे. आणि काठीला हात लावायचा नाही."

बायकोला कळलं, तर म्हणाली, "तरीच मका इतका लागत होता!" आणि दुकानदार भेटला रस्त्यात. "सर, उन्हाळ्याचं नवीन सामान आलंय." मी म्हटलं, बाबा रे, मला आता पाव कुठे स्वस्त मिळतो ते सांग.

तारीख दोन मार्च. ढगाळ, वारा मंद, पाण्याचा गारठा कमी. वहिनींनी तीनदा काठी वाजवली. बारके आले, मधले आले. सगळ्यांच्या शेवटी साहेब आला. मी वरच्या पायरीवर होतो. त्याने तुकडे खाल्ले. मी एक पायरी खाली उतरलो. साहेब गेला.